वीस घरांची पाहणी

तांदूळ निवडताना खडा सापडला की आपण तो बाजूला टाकतो आणि विसरून जातो. समितीतले खडे मला टाकता आले नाहीत. तीन वर्षं ते मनातल्या मनात एका वाटीत पडत राहिले. परवा भजन झाल्यावर मैत्रिणींना त्यांतले दोन सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अगं, हे लिही!" लिहायला बसले तेव्हा कळलं, वाटी कसली, पायली भरली आहे!

मला व्रतांच्या कहाण्या पुष्कळ येतात. सोमवारची येते, शुक्रवारची येते, शिळासप्तमीची येते. सगळ्यांत आधी हाल होतात आणि शेवटी देव प्रसन्न होतो. समितीच्या कहाण्यांत देव प्रसन्न व्हायची वेळ आली, की ओव्हरसियर मध्ये येतो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही भोरला राहत होतो, हे शाळेत मास्तर होते. ज्यांना घर नाही, किंवा आहे ते राहण्याजोगं नाही, अशांसाठी भोर-वेल्ह्याकडच्या गावांत स्वस्तातली घरं बांधायची होती. प्रत्येक गावानं आपला आराखडा पाठवायचा. जागा कुठली, घरं किती, पाणी कुठून, सगळं त्यात लिहायचं. ते आराखडे नीट आहेत का, हे पाहायला एक समिती नेमली. त्या समितीवर मी होते. कशी होते, तिथूनच सुरुवात करते.

* * *

समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब. मोठे बागायतदार, बोलायला गोड, गावोगाव मान. एका सकाळी ते आमच्या दारात आले. मी सोवळ्यात होते, हातात फुलांची परडी.

"वहिनी, घरांच्या समितीवर तुमचं नाव घालतोय. एक बाई घ्यायलाच पाहिजे असा हुकूम आलाय."

मी म्हटलं, "अण्णासाहेब, मला हो त्यातलं काय कळतं?"

अण्णासाहेब मनापासून खूश झाले. म्हणाले, "कळणारी नकोच आहे!"

* * *

पण त्यांना ताराबाई ठाऊक नव्हत्या.

भोरपासून तासाभरावरच्या एका गावात बौद्धवस्ती होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्याकडे येतात-जातात. त्या वस्तीतर्फे ताराबाई समितीवर आल्या. चाळिशीच्या, विधवा, दुसऱ्यांच्या खाचरात भातलावणी करून संसार ओढलेल्या. त्यांची वस्ती ओढ्याच्या काठाला होती. दर पावसाळ्यात ओढा घरात यायचा. आदल्या वर्षी त्यांची सून बाळंत झाली आणि तिसऱ्याच दिवशी रात्रभर पाऊस लागला. पहाटे चौघांनी बाळंतिणीला बाजेसकट उचलून शाळेच्या ओसरीवर नेलं. बाळ ताराबाईंनी डोक्यावरच्या पाटीत घेतलं होतं.

त्या वस्तीसाठी वीस घरांचा आराखडा समितीपुढे होता. ताराबाईंना एवढंच हवं होतं, की पुढच्या नातवंडाला पाटीतून न्यावं लागू नये. आणि पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "काकू, तुमी नुसत्या माझ्या बाजूला बसा. बोलायचं म्या बघते."

* * *

पहिली बैठक नकाशाची. बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरांनी टेबलावर मोठा निळा कागद पसरला. दहा बाय बाराची एक खोली, एक दार, एक खिडकी.

मी बराच वेळ शोधलं. मग विचारलं, "यात चूल कुठं आहे?"

ओव्हरसियरांनी कागद फिरवला. पुन्हा फिरवला. जणू चूल कोपऱ्यात लपून बसली होती! मग म्हणाले, "वहिनी, हा निवाऱ्याचा नकाशा आहे, स्वयंपाकाचा नाही."

"मग आंघोळीला आडोसा?"

या वेळी अण्णासाहेब बोलले. "नदी आहे की!"

ताराबाई खाली बघून म्हणाल्या, "नदी तुमच्या घरापासनं बी तेवढीच लांब हाय, अण्णासाहेब."

अण्णासाहेबांनी चहा मागवला.

चहा झाल्यावर छपराचा विषय निघाला. छपराला उतार जेमतेम बोटभर. आमच्याकडे आषाढात पाऊस पडत नाही, ओततो. माझं माहेर उत्रोलीचं, तिथं गोठ्याच्या छपरालाही याहून जास्त उतार असतो. मी तसं सांगितलं.

ओव्हरसियर म्हणाले, "त्याला आता इलाज नाही. हा मंजूर नकाशा आहे. सगळ्या राज्याला हाच."

"व्हय?" ताराबाई म्हणाल्या, "मग पाऊस बी सगळ्या राज्याला सारकाच पाडाया सांगा की, सायेब!"

* * *

दुसऱ्या बैठकीत याद्या आल्या. घर कुणाला द्यायचं त्यांच्या याद्या. एका गावच्या यादीत पहिलं नाव अण्णासाहेबांच्या पुतण्याचं. त्या पुतण्याचं दुमजली घर मी पाहिलेलं होतं. त्याच्या लग्नात त्याच घराच्या माडीवर आम्ही बायका जेवलो होतो, आणि माडीवर तीन पंगती बसल्या होत्या!

मी म्हटलं, "हा बेघर कसा?"

अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "घर माझ्या भावाच्या नावावर आहे, वहिनी. पोराच्या नावावर काही नाही."

मी ओव्हरसियरांना म्हटलं, "मग माझंही नाव घाला यादीत. माझ्या नावावर आमच्या घरातली खुंटीसुद्धा नाही."

सगळे हसले. मी हसले नव्हते. मी खरंच विचारत होते. त्या यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं. ताराबाईंचं नावसुद्धा त्यांच्या गावच्या यादीत "घरात पुरुष नाही" म्हणून राहिलं होतं. तीन बैठका भांडून आम्ही ते घालून घेतलं, सात नंबरला.

आणि पुतण्याचं काय झालं? त्याचं नाव पहिल्या जागेवरून काढलं. माझ्या बोलण्याला मान दिला, असं अण्णासाहेब चारचौघांत सांगत असत.

त्याला शेवटून दुसरा केला.

* * *

मग पाहणीचे दिवस आले. पाहणी म्हणजे गावोगाव जाऊन जागा बघायची. एका दिवसात आठ गावं! मला वाटलं, किती कामसू माणसं! मग कळलं, ती जीपमधून उतरतच नव्हती.

वेल्ह्याच्या बाजूला, पालीच्या अलीकडे आम्ही आत वळलो आणि दीड मैलावर रस्ताच संपला. पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी होती, तिथल्या अकरा घरांचा आराखडा आला होता. मी पदर खोचून खाली उतरले. म्हटलं, चला, पायी जाऊ. अण्णासाहेबांनी कपाळावर हात आडवा धरला, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसतंय सगळं."

मला तरी एका छपरातून निघणारा धूर दिसत होता. बस.

पंधरा दिवसांनी अहवाल हातात पडला. त्यात लिहिलं होतं, 'रस्ता नसल्याने पाहणी करता आली नाही. पाहणी न झाल्याने घरांची आवश्यकता आढळून आली नाही.'

मी तीनदा वाचलं. मी म्हटलं, "अहो, तिथं माणसं राहतात!"

ओव्हरसियर म्हणाले, "राहतात ना? मग घरं आहेतच म्हणायची!"

त्या वाडीतून एक म्हातारे गृहस्थ दोन वर्षं दर महिन्याला चौकशीला येत. चालत यायचे. मी त्यांना दरवेळी सांगायचे, "होईल हो आजोबा, देवाला काळजी आहे." आता वाटतं, तेवढं देवाचं नाव मी तिथं घ्यायला नको होतं.

* * *

ताराबाईंच्या गावची पाहणी वैशाखात झाली. तिथं रस्ता होता म्हणून जीप गेली, आणि सावली होती म्हणून अण्णासाहेब उतरले.

वीस घरांसाठी गावानं दाखवलेली जागा म्हणजे ओढ्याच्या पलीकडचा खोलगट तुकडा. वरून खाचरं उतरत येतात आणि सगळ्यांचं पाणी शेवटी त्या तुकड्यात येऊन थांबतं. वैशाखात जमीन तडकलेली होती, पण तिच्यावर खेकड्यांची बिळं होती. ताराबाईंनी चपलेच्या टोकानं एकेक बीळ दाखवलं.

"ही बगा. खेकडं बी वळखत्यात पानी कुठं येतं ते."

ओव्हरसियरांच्या हातात छापील तक्ता होता. जमीन कशी, रस्ता किती लांब, पाण्याची सोय काय. त्यांनी बिळांकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं आणि 'पाण्याची सोय' पुढे लिहिलं: मुबलक.

मी म्हटलं, "अहो, ते पाणी प्यायचं नाही, ते घरात येणारं पाणी आहे!"

"तक्त्यात तसा वेगळा रकाना नाही, वहिनी."

तुकड्याच्या वरच्या अंगाला छान माळ होता. उंच, मुरमाड, वारा खेळता. ताराबाईंनी तिकडे बोट केलं. "त्यो का न्हाई?"

अण्णासाहेब म्हणाले, "तो राखीव आहे."

"कशासाठी?" मी विचारलं.

"ते ठरायचंय."

* * *

ज्येष्ठात पुन्हा गेलो, आखणी करायला. चुन्याच्या रेघा मारून वीस चौकोन पाडले, मधून बोळ सोडले, कोपऱ्यांवर दगड रोवून त्यांवर डांबरानं नंबर घातले. ऊन मी म्हणत होतं. काम संपल्यावर ताराबाई तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन आल्या.

अण्णासाहेब म्हणाले, "आत्ताच चहा झाला." ओव्हरसियर म्हणाले, "माझं पोट जरा बरं नाही."

आणि त्या दिवशी माझी निर्जळी एकादशी! वर्षातून एकदा येते. मी लग्नापासून कधी मोडलेली नव्हती. मी म्हटलं, "ताराबाई, खरंच हो, आज माझा उपास आहे."

त्या जराही रागावल्या नाहीत. तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "व्हय काकू. हितं आलं की लई जनांस्नी उपास असतो."

माझ्या अंगाला कुणी चटका दिल्यासारखं झालं. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो त्या दोघांचा, चहाचा आणि पोटाचा! माझी खरी एकादशी त्यांनी खोटी करून टाकली होती. आणि एक राग माझा मलाही आला. कारण वर्षभर त्या माझ्या घरी आल्या, की त्यांचा कप मी वेगळ्या फळीवर ठेवत होते. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तांब्या घेतला. घटाघटा पाणी प्याले. पदर भिजला. नंतर घरी देवापुढे बसून काय बोलले, ते त्याचं आणि माझं.

ताराबाईंनी वाटी पुढे केली. म्हणाल्या, "आता गूळ बी खावा. मोडलाच हाय तर!"

* * *

आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो. चार महिने काहीतरी सोडायचं असतं. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. मी त्या वर्षी राग सोडायचं ठरवलं. समितीनं मला फार रागीट करून ठेवलं होतं. जप करताना मध्येच ओव्हरसियरांचं तोंड डोळ्यांपुढे यायचं.

ह्यांना सांगितलं. हे वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "राग सोडतेस आणि समितीही चालू ठेवतेस? दोन्हींतलं एक काहीतरी सोड. नाहीतर आपलं वांगं बरं!"

बाराव्या दिवशी व्रत मोडलं. कसं, ते ऐका.

* * *

सोमवारी माझं मौन असतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. थोरला मुलगा लहानपणी फार आजारी पडला होता, तेव्हापासूनचं. हे साऱ्या भोरला ठाऊक. भाजीवालीसुद्धा सोमवारी मला भाव सांगत नाही, बोटं दाखवते.

समितीची बैठक नेहमी गुरुवारी व्हायची. वीस घरांच्या मंजुरीची बैठक सोमवारी ठेवली.

मला वाटलं, चुकून झालं असेल. मी खरंच तसं मानलं! देवानं मला हा एक मूर्खपणा भरपूर दिला आहे. गेले आणि बसले. ताराबाई त्या दिवशी अर्धा तास बोलल्या. खेकडे सांगितले, ओढा सांगितला, सुनेची बाज सांगितली. सांगताना त्यांचा आवाज एकदाच फुटला, पाटीतल्या बाळापाशी. अण्णासाहेब मान डोलावत होते, जसं कीर्तनात डोलावतात.

मग ते माझ्याकडे वळले. "वहिनींचं काय मत?"

मी जोरजोरानं मान हलवली. नाही, नाही, नाही! एवढी हलवली की कानातली कुडी सैल झाली.

अण्णासाहेब म्हणाले, "आभारी आहे."

मौन तोडून ओरडले का नाही? हे मला आजही उमगत नाही. मुलाच्या आजाराची भीती असते ना आईच्या पोटात, ती आड आली. दिवा लावला आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. आमच्या ह्यांच्या हातून वही पडली.

गुरुवारी बैठकीचा वृत्तान्त टंकून आला. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'किरकोळ चर्चेनंतर, महिला सदस्यांनी मान हलवून दिलेल्या संमतीसह, ठराव एकमताने मंजूर.'

ताराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "किरकोळ म्हंजे माझी सून व्हय?"

त्या दिवशी आंबवड्याच्या देवळात जाऊन बसले. प्रार्थना काही सुचेना. देवाला म्हटलं, तुझ्यासाठी धरलेलं मौन अण्णासाहेबांच्या कामी आलं, आता तूच बघ. आणि घरी येऊन पुण्याच्या मोठ्या साहेबांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एकच मागितलं, 'कृपा करून ही जागा पावसात पाहावी.'

* * *

उत्तर आलं नाही. साहेबच आले!

श्रावण अर्धा सरला होता. पाऊस तिरपा मारत होता. साहेब तसे तरुण, जाड भिंगांचा चष्मा, पायांत चकचकीत बूट. जीपमध्ये पुढे साहेब आणि अण्णासाहेब, मागे मी आणि ओव्हरसियर. ओव्हरसियरांच्या मांडीवर फाईल. जागा मंजूर झाल्यावर त्यांनी पुण्याला पुढचाही कागद पाठवून दिला होता, 'वीसही घरांचा पाया पूर्ण.' पत्र मी लिहिलं होतं. आता साहेबांनीही कपाळावर हात आडवा धरून "दिसतंय सगळं" म्हटलं, तर ताराबाईंना तोंड कसं दाखवू?

ओढ्याच्या अलीकडे जीप थांबली. अण्णासाहेब म्हणाले, "साहेब, इथूनच नीट दिसतं."

साहेब म्हणाले, "मला दिसत नाही." आणि उतरले.

छत्र्या सांभाळत, बांधावरून घसरत आम्ही मागोमाग गेलो. पुढे जाऊन साहेब थांबले, म्हणून सगळेच थांबले.

खोलगट तुकड्यात पोटरीभर पाणी होतं. त्या पाण्यात वीस चौकोन. ओव्हरसियरांनी आखले होते तेच, दहा बाय बारा, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. मधले बोळ मोकळे. कोपऱ्यावरच्या दगडांवर डांबराचे नंबर. आणि प्रत्येक चौकोनात भात लावलेलं! हिरवंगार, ओळीनं, वाऱ्यावर डुलणारं.

पलीकडच्या बांधावर वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. डोक्यावर पानांची इरली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. लोकांच्या खाचरात लावणी करून उरलेल्या रोपांच्या मुठी त्यांनी मागून आणल्या होत्या. जिचं घर, तिनं तिच्या नंबरात लावणी केली होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. देवाशपथ!

साहेबांनी फाईल उघडली. कागद पाहिला, भात पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"मंजूर केलेली जागा हीच?"

अण्णासाहेबांनी ओव्हरसियरांकडे पाहिलं. ओव्हरसियरांनी छत्रीच्या काड्यांकडे पाहिलं. "हो... म्हणजे साहेब, वैशाखात ही जागा..."

"सात नंबर कुणाचा?"

एका इरल्याखालून हात वर झाला. ताराबाई पाण्यातून चालत पुढे आल्या आणि आपल्या दगडापाशी उभ्या राहिल्या.

"माजा, सायेब."

"बाई, कागदावर इथं घराचा पाया पूर्ण झालाय. घर कुठं आहे?"

ताराबाईंनी वाकून भाताच्या शेंड्यावरून हात फिरवला. आपल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"ह्ये काय, सायेब, घरच हाय. पाया पान्यात हाय, म्हनून तुमास्नी दिसंना. गुडघ्याएवढं आलंया आत्ता. पाऊस असाच ऱ्हायला, तर दसऱ्यापातूर छपराला लागंल!"

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईल मिटून शर्टाच्या आत घातली. मग बांधावरच्या ओल्या गवतात खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे आत कोंबले, पँटचे पाय दुमडले.

"बाई," ते उठत म्हणाले, "त्या वरच्या माळाकडं वाट कुठून जाते?"

अण्णासाहेब घाईनं पुढे झाले. "साहेब, तो माळ राखीव..."

साहेबांनी मागं वळून पाहिलं नाही. ते ताराबाईंच्या उत्तराची वाट पाहत होते. गावची गुरं पावसातून एकामागोमाग एक चढण चढत होती, कुणी न हाकता.

ताराबाईंनी डोक्यावरचं इरलं मागं सारलं.

"गुरांच्या मागनं चला, सायेब. कोरडं कुठं हाय, ते त्यांस्नी पयल्यापास्नं ठावं हाय."